स्पीकर जुळवताना कानालाही विचारा

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुसच्या वसाहतींत आणि आता गडचिरोली, देसाईगंज, आलापल्लीच्या घरांतही टीव्हीखाली साउंडबार किंवा पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा होम थिएटरचा संच दिसू लागला आहे. संच घरी आला की पहिले आठ दिवस हौसेत जातात. नंतर रिमोटवरून कुरबुर सुरू होते. मुलाला सिनेमातला स्फोट छातीत जाणवायला हवा असतो. आजोबा म्हणतात, "आवाज तर येते गा, पण बोलणं काही समजत नाही." सूनबाई सांगते, "बाळ आत्ताच झोपलं, जरा कमी करा." ज्याची त्याची आवड, असे म्हणून विषय तिथेच सोडून दिला जातो.

आवडीचा भाग त्यात आहेच. पण आवाजाची आवड बऱ्याच अंशी तीन गोष्टींवर ठरते: खोली कशी आहे, कान कसा आहे आणि त्या कानाने दिवसभर काय सोसले आहे. संच जुळवताना या तिन्हींकडे लक्ष दिले तर आवाज चांगला लागतोच, शिवाय कानाची एखादी तक्रार वेळेवर ध्यानात येते.

कान सगळे स्वर सारखे ऐकत नाही

तरुण, निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपने. मात्र या सगळ्या पट्ट्यात कानाची ताकद सारखी नसते. २,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपास तो सर्वांत तीक्ष्ण असतो. खर्जाच्या बाजूला त्याची संवेदना बरीच कमी असते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. आवाज लहान केला की खर्ज इतर स्वरांच्या आधी दिसेनासा होतो, हे त्यांतून स्पष्ट झाले.

घरातला अनुभवही तोच आहे. दुपारी मोठ्या आवाजात भरदार वाटणारे गाणे रात्री हळू लावले की पातळ वाटते. स्पीकर बिघडलेला नसतो, तो कानाचा स्वभाव असतो. जुन्या अॅम्प्लिफायरवरचे 'लाउडनेस'चे बटण यासाठीच असे. म्हणून जुळवणी करायची तर ती नेहमी ऐकतो त्याच पातळीवर करावी. दुकानात मोठ्या आवाजात लावलेला संच हमखास आवडतो, कारण दोन आवाजांपैकी थोडा मोठा असलेला कानाला 'चांगला' वाटतो. दोन संचांची तुलना करताना आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्यावी.

आधी खोली, मग रिमोट

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. १२ फूट लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा खर्ज घुमतो. भिंतीला टेकून बसलेल्याला तो ढमढम ऐकू येतो, खोलीच्या मध्यभागी बसलेल्याला जवळजवळ येतच नाही. एकाच घरात 'बास फार आहे' आणि 'बास नाहीच' असे म्हणणारे दोघेही अशा वेळी खरे बोलत असतात. वाद मिटवायचा तर दोघांनी जागा बदलून पाहाव्यात.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की खर्ज आणखी वाढतो. त्याची योग्य जागा शोधायची एक साधी रीत आहे. सबवूफर तात्पुरता आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्ज असलेले गाणे लावायचे आणि जिथे तो ठेवणे शक्य आहे अशा जागांवर खाली वाकून ऐकत फिरायचे. जिथे खर्ज घुमत नाही आणि प्रत्येक ठोका वेगळा कळतो, ती त्याची जागा.

स्लॅबचे छत, गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत टाळी वाजवून पाहावी. टाळीमागे झणकार आला तर शब्दही तसेच एकमेकांत मिसळणार. सतरंजी, जाड पडदे, गादी, कपड्यांची किंवा पुस्तकांची उघडी मांडणी एवढ्याने बराच फरक पडतो.

आपल्याकडे आणखी एक वस्तू मोजावी लागते, ती म्हणजे कूलर. मार्चपासून पाऊस येईपर्यंत चंद्रपुरात कूलर बंद होत नाही. मोठ्या कूलरची घरघर शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाच्या आवाजाइतकी असू शकते. ती पात्रांच्या बोलण्यावर चढते, म्हणून रिमोटवरचा आकडा वाढतो. जून संपतो, कूलर माळ्यावर जातो, पण वाढलेला आकडा सवयीने तसाच राहतो. उलट एटापल्ली किंवा भामरागडकडच्या एखाद्या गावात रात्री बाहेर फक्त रातकिडे असतात. तिथे निम्म्या आवाजातही सगळे स्पष्ट ऐकू येते. कूलर खिडकीबाहेर, स्टँडवर आणि टीव्हीपासून दूर बसवणे हाही आवाज जुळवण्याचाच भाग आहे.

जुळवणीचा क्रम

पाच स्पीकरच्या संचात पात्रांचे बोलणे मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येते. तो टीव्हीखालच्या कप्प्यात मागे सरकवलेला असेल तर शब्द तिथेच अडकतात. त्याला कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे आणून, बसलेल्या माणसाच्या कानाकडे थोडा वर तोंड करून ठेवावे. मग प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून संचात भरावे. त्यावरून सर्व स्पीकरचा आवाज एकाच वेळी कानाशी पोचेल अशी वेळ संच साधतो. नंतर संचातली चाचणीची खरखर लावून बसायच्या जागी प्रत्येक स्पीकरची पातळी सारखी करावी. घरच्या संचांत त्यासाठी बहुधा ७५ डेसिबलची पातळी धरतात. मोबाइलवरचे डेसिबल मोजणारे अॅप अचूक नसते, पण एका स्पीकरची दुसऱ्याशी तुलना करायला पुरते. छोटे स्पीकर असतील तर ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज सबवूफरकडे द्यावा.

इथपर्यंत मोजमाप झाले. आता आवड. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीही दोन-तीन डेसिबलने, आणि दोन दिवस तशीच ठेवून ऐकावी. कसोटीला ओळखीचे आवाज घ्यावेत: रोजच्या बातम्या, पाठ असलेले भजन, अनेकदा पाहिलेला सिनेमा. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईसोबत नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर मांडवात बसून कर्ण्यातून संवाद ऐकत वाढलेल्या माणसाला मधल्या पट्टीचा, पुढे येणारा आवाज आपला वाटतो. शहरात हेडफोन लावून वाढलेल्या नातवाला खर्ज हवासा वाटतो. दोन्ही आवडी सवयीने घडलेल्या आहेत, आणि संचात दोघांसाठी दोन वेगळ्या जुळवण्या साठवून ठेवता येत असतील तर भांडण उरत नाही.

कामावरून आल्या आल्या नको

जुळवणी कधी करायची, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यांत फार महत्त्वाचा आहे. कोळसा खाणीत डंपर, ड्रिल, क्रशर यांच्याजवळ काम करणारे, औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनजवळ पाळी करणारे, सिमेंट आणि कागद कारखान्यांतले, सुरजागडच्या लोहखनिज खाणीवरचे, आरागिरणी आणि राईस मिलमधले, थ्रेशरवर उभे राहणारे, अशा हजारो लोकांचे कान दिवसभर आवाजात असतात. मोठ्या आवाजातून बाहेर आल्यावर कान काही तास बधिर होतो. कापूस घातल्यासारखे वाटते, कधी आत शिट्टी वाजते. वरातीच्या डीजेसमोर दोन तास नाचलेल्या मुलाचेही असेच होते.

अशा कानाने संध्याकाळी संच जुळवला तर वरचे स्वर वाढवले जातात. सकाळी कान ताजा झाला की तोच आवाज टोचतो. म्हणून जुळवणी सुट्टीच्या दिवशी सकाळी, आदल्या दिवशीचा गोंगाट उतरल्यावर करावी. ज्याला संध्याकाळचा आणि सकाळचा फरक नेहमी जाणवतो, त्याने तो कानाचा इशारा समजावा. रोज बधिर होऊन रोज सावरणारा कान एक दिवस पूर्ण सावरत नाही.

कानाच्या आत शंखासारख्या नळीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचे संदेशात रूपांतर करण्याचे काम त्यांच्यावर चालते. माणसात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. गोंगाटाने होणारे नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते. श्रवणचाचणीच्या आलेखावर तिथे खाच दिसते. वयानुसार येणारी उतरण वरच्या टोकापासून हळूहळू खाली येते. शांत खोलीत समोरासमोर बोलणे सुरुवातीला नीट ऐकू येते, त्यामुळे काही बिघडले आहे असे वाटतच नाही. गोंगाटाने आलेला बहिरेपणा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे.

"आवाज वाढव" म्हणजे नेमके काय?

आता आजोबांची तक्रार पुन्हा ऐकू. आवाज येतो, पण बोलणे समजत नाही. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांत जोर असतो. स, श, फ, थ, ख यांची धार वरच्या पट्टीत आणि नाजूक असते. वरची पट्टी गेली की 'सात' आणि 'हात' सारखेच वाटू लागतात. आवाज वाढवला की खर्जही वाढतो आणि व्यंजने पुन्हा त्याखाली दबतात. शिवाय केशपेशी गेलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण थोडा मोठा होताच तो असह्य होतो. म्हणून तीच व्यक्ती आधी 'वाढव' म्हणते आणि दोन मिनिटांनी 'किती ओरडतो तो' म्हणून चिडते. तो हट्टीपणा नव्हे, कानाचा दोष आहे.

अशा वेळी एकूण आवाज वाढवू नये. सेंटर स्पीकर तीन-चार डेसिबलने वर घ्यावा, सबवूफर थोडा खाली आणावा, 'डायलॉग' किंवा 'नाइट' मोड लावावा. नाइट मोड मोठे आवाज दाबतो आणि लहान आवाज वर आणतो. झोपलेल्या बाळासाठीही तोच उपयोगी. नुसता ट्रेबल वाढवून बहुधा शब्दांपेक्षा सळसळच अधिक वाढते. पडद्यावरची अक्षरे, म्हणजे सबटायटल, लावण्यात कमीपणा मानू नये.

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना गुण द्यायला सांगितले. ज्यांचे कान शाबूत होते, त्यांची मते आश्चर्य वाटावे इतकी जुळली. श्रवणदोष असलेल्यांची मते मात्र एकमेकांशी जुळेनात, आणि तोच स्पीकर पुन्हा ऐकवला तर त्यांचे स्वतःचे गुणही बदलत. यातून एक गोष्ट घ्यावी. घरातल्या एखाद्याची आवड इतरांपेक्षा फारच वेगळी असेल, किंवा त्याला कुठलीही जुळवणी पटत नसेल, तर पुढचा खर्च नव्या स्पीकरवर न करता कानाच्या तपासणीवर करावा.

किती आवाज पुरे?

८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास ही कामाच्या ठिकाणासाठी अनेक ठिकाणी मानली जाणारी सावधगिरीची मर्यादा आहे. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, १०० ला सुमारे १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटना करमणुकीसाठी ऐकताना प्रौढांना ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास असे मोजमाप सांगते. पाळीवर कानाचा हिशेब आधीच संपवून आलेल्याने घरी आणखी खर्च करू नये. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज जास्त आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. शेजाऱ्यांसाठीही नियम आहे: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

तपासणी सोपी आणि न दुखणारी आहे. डॉक्टर आधी कानात मळ साचला आहे का ते पाहतात, कारण कित्येकदा दोष तेवढाच असतो. पिन, काडी, गरम तेल कानात घालू नये. त्यानंतर हेडफोन लावून वेगवेगळ्या स्वरांची चाचणी होते आणि श्रवणाचा आलेख मिळतो. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांचा समावेश आहे. तिथे किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. खाण आणि कारखान्यांतल्या कामगारांची ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी होते. तेव्हा श्रवणचाचणी झाली असेल तर तो आलेख मागून जपून ठेवावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. उपचाराला उशीर झाला तर ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता कमी होते. कान वाहणे, सतत शिट्टी वाजणे किंवा चक्कर येणे यांकडेही दुर्लक्ष करू नये.

जुळवणी पूर्ण झाली की एक काम करावे. कूलर, पंखा बंद ठेवून, रोजच्या जागी बसून, रोजच्याच वाहिनीवरच्या बातम्या घरातल्या प्रत्येकाला नीट समजायला रिमोटवर कोणता आकडा लागतो, तो कॅलेंडरच्या मागे तारखेसह लिहून ठेवावा. दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. ही काही वैद्यकीय चाचणी नाही. पण बाकीच्यांचा आकडा तोच राहून एकाचाच दोन-चार पायऱ्या चढला असेल, तर संचाला हात न लावता त्या माणसाला घेऊन दवाखान्यात जावे.