मिरजेचा भोपळा

किल्ला साताऱ्याला आहे, कृष्णाकाठ सांगलीला आहे. मग मिरजेचं वेगळेपण कशात? मी म्हणेन, तंबोऱ्यात.

एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी घटली, तेव्हा इथल्या शिकलगारांनी सतारी, तंबोरे घडवायला घेतले. हाती भोपळा येणं म्हणजे एरवी फजिती. मिरजेत त्यावरच घरं चालली. ‘सतारमेकर’ हे आडनावच झालं.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, ते मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. उरुसात गवई आजही तिथं हजेरी लावतात.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तारेला गुंजन देणारी जवारी कागदानं लागत नाही. त्याला तयार कान लागतो. नवी पोरं कारागिराशेजारी बसली, तरच हे वेगळेपण टिकेल.