पोटापासून मोजलेली मजुरी

1935 साली वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा रोज आठ-नऊ तास सूत कातत. दिवसाला सुताच्या चार गुंड्या (लडी) निघत आणि खादीचं काम चालवणाऱ्या चरखा संघाच्या तेव्हाच्या दराने हातात मोजके आणे पडत. तेवढ्यावरच जगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. कातणारीला आपण जो दर देतो त्यात माणूस जगतो का, हे त्यांना स्वतःच्या ताटावर तपासायचं होतं.

गांधीजी त्या वेळी वर्ध्यातच, मगनवाडीत मुक्कामाला होते. खादी स्वस्त व्हावी म्हणून आजवर गिऱ्हाइकाचा विचार झाला, कातणारीचा राहूनच गेला, ही खंत त्यांनी ‘हरिजन’मधून मांडली. ऑक्टोबर 1935 मध्ये चरखा संघाच्या कार्यकारिणीने वर्ध्याच्या बैठकीत ठराव केला: आठ तासांच्या चोख कामाला एवढी मजुरी मिळावी, की त्यातून शास्त्रीय प्रमाणानुसार किमान आहार आणि वर्षाला 20 वार कापड भागावं. सूत बाजारात कितीला जातं हे न पाहता कातणारीला जगायला काय लागतं, यावरून दर ठरवायचा होता. खादी महागेल, विक्री बसेल, अशी धास्ती चळवळीतल्याच अनेकांना वाटत होती.

पण ‘चोख काम’ ही अट सोपी नव्हती. सुताचा अंक (बारीकपणा), कस आणि सारखेपणा तपासला जाई. पिंजण नीट नसेल तर पेळू, म्हणजे कातायची कापसाची वळी, गाठाळ होतो आणि धागा तुटत राहतो, मग आठ तासांचं काम चार तासांएवढंच भरतं. त्यामुळे मजुरी वाढवायची तर कातण्याआधीच्या सगळ्या क्रियाही कातणारीला शिकवाव्या लागणार होत्या. एरवी कामगार ज्ञान घेऊन येतो आणि त्याचा दर मागतो. इथे दर आधी ठरला आणि त्याला पुरेल एवढं ज्ञान देण्याचा भार संस्थेवर आला. या प्रयोगाचं सगळ्यात मोठं वेगळेपण मला इथेच दिसतं.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर 1937 मध्ये, वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा आखला, त्यात हस्तोद्योग हेच शिकण्याचं माध्यम होतं. हाताच्या कामात ज्ञान असतं, ही गोष्ट पुढे सेवाग्रामच्या शाळेत रोजच्या वेळापत्रकात आली.

स्वातंत्र्यानंतर 1948 चा किमान वेतन कायदा झाला. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवताना उष्मांक मोजले आणि चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार, म्हणजे माणशी 18 वार कापड धरलं. वर्ध्याच्या 20 वारांशी हा आकडा किती जवळचा आहे! पोटाचा हिशेब सरकारदरबारी पोचला, शिकवण्याची जबाबदारी मात्र वाटेतच गळाली. दरपत्रकात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने पडले. महाराष्ट्राची रोजगार हमी आणि 2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा यांनी कामाचा हक्क दिला, ही मोठीच गोष्ट. पण कामाचं नाव राहिलं ‘अकुशल अंगमेहनत’.

आज वर्धा जिल्ह्यातल्याच हिंगणघाट, देवळीकडच्या शेतात कापूस वेचणारी बाई बघा. पूर्ण उमललेलं बोंड कोणतं हे तिला दुरून कळतं. दहिवराने ओला कापूस ती घाईने ओट्यात भरत नाही, किडकी कवडी वेगळी काढते, पानकचरा येऊ देत नाही. हे शिकायला हंगाम जावे लागतात. स्वच्छ, कोरड्या कापसाला बाजारात भाव बरा मिळतो, पण वेचणीची मजुरी ठरते किलोवर. तिला हातांच्या वेगाचे पैसे मिळतात, नजरेचे मिळत नाहीत. ते भावाच्या रूपाने दुसऱ्याच्या खिशात जातात.

नव्वद वर्षांचा हा हिशेब मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्ञानाप्रमाणे मजुरी मिळते हे अर्धंच खरं, कोणत्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचं हे ठरवणारा मजूर नसतो. वर्ध्याच्या ठरावाने निदान ते ठरवण्याची जागा बदलून पाहिली होती. वेचणीच्या दरात स्वच्छ कापसाचा वेगळा वाटा धरायला आजही कुठला कायदा आडवा येत नाही.