नाव देशाचे, यजमान कोण?

मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची परिषद भरवायची ठरली की सभागृह, प्रायोजक, वक्ते, तिकिटाचा दर, जेवण अशा याद्यांवर बैठकांमागून बैठका होतात. नाव मात्र झटक्यात ठरते: प्रकल्प, पुढे शहर किंवा देश, शेवटी साल. माझ्या मते नियोजनातला सर्वांत वजनदार निर्णय हाच असतो. अशा परिषदा स्वयंसेवकांच्या श्रमावर उभ्या राहतात आणि नावात जेवढा मुलूख घ्याल, तेवढ्या मुलुखातल्या कार्यकर्त्यांना त्यात वाटा मागण्याचा हक्क मिळतो. तो वाटा कसा द्यायचा, हे नावाबरोबरच ठरायला हवे.

संकेतस्थळे बांधण्याच्या वर्डप्रेस या मुक्त सॉफ्टवेअरच्या मंडळींनी हे पुष्कळसे साधले आहे. २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांची पहिली परिषद, म्हणजे वर्डकॅम्प, भरली. पुढे परिषदेला शहराचे नाव द्यायचे, असा दंडक पडला. त्यामुळे पुणे, नाशिक, नागपूर यांना आपापले वर्डकॅम्प भरवता आले. एकाने दुसऱ्याची जागा अडवली नाही. खंडाचे नाव लावले तेव्हा फिरतीही आली. वर्डकॅम्प युरोप २०१३ साली लायडनला सुरू झाला, पुढच्या वर्षी सोफियाला गेला. आशियाचा २०२३ साली बँकॉकला, नंतर तैपेई आणि मनिलाला झाला. डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पाने तर नावातून जागाच वगळली. २००० साली बोर्दोपासून सुरू झालेल्या त्याच्या डेबकॉन्फ परिषदेच्या नावात फक्त अंक असतो. यजमानपदासाठी वेगवेगळ्या शहरांचे गट प्रस्ताव मांडतात; खर्च, निवास, व्हिसा आणि स्थानिक गटाची ताकद तोलून निवड होते. २०२३ साली तो मान कोचीला मिळाला.

यजमान ठरवण्याची व्यवस्था नावाच्या मागे राहिली की काय होते, ते पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पायकॉन इंडिया परिषदेत दिसते. २००९ ते २०१५ या सात वर्षांत ही परिषद २०११ साली पुण्यात झाली. बाकी प्रत्येक वेळी बंगळूरुत. यात कुणाचा दुष्ट हेतू शोधायचे कारण नाही. अनुभवी कार्यकर्ते, ओळखीचे सभागृह, जवळचे प्रायोजक जिथे असतात, तिथेच काम सोपे जाते. पण सोय पाहत गेले की नाव देशाचे आणि परिषद एका शहराची, असे आपोआप घडते. २०१६पासून दिल्ली, हैदराबाद, चेन्नई अशी फिरती झाल्यावर नाव आणि वस्तुस्थिती जवळ आली.

यावर पहिला आक्षेप प्रायोजकांचा: देशाचे नाव असले की पैसा सहज मिळतो. खरे आहे, पण तो पैसा देशभरातल्या श्रोत्यांच्या भरवशावर दिलेला असतो. प्रवासाला मदत आणि फिरते यजमानपद हा त्याच व्यवहारातला आपला हिस्सा. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ग्नोम या मुक्त डेस्कटॉप प्रकल्पाच्या ग्वाडेक परिषदेच्या नावातच युरोप आहे, तरी २०२२ साली ती मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराला भरली आणि काही बिघडले नाही. मग नावाचा एवढा काथ्याकूट कशाला? बिघडले नाही, कारण तिथे परिषद नावापेक्षा मोठी झाली होती; तिने नव्या लोकांना आत घेतले. तक्रार उलट प्रकाराची असते: नाव ऐसपैस आणि दार अरुंद. म्हणून देशाचे किंवा खंडाचे नाव छापण्याआधी पुढच्या दोन वर्षांचे यजमान कसे आणि कोण निवडणार, हे लिहून काढावे. ते लिहिता येत नसेल, तर शहराचे नाव पुरेसे आहे.