निर्वासितांना काम का मिळत नाही?

‘युरोपात गेलेले निर्वासित सरकारच्या पैशावर बसून खातात,’ असे मेसेज आपल्या ग्रुपवर फिरत असतात. खरं काय ते समजून घ्यायला आधी आपल्याच भागातली गोष्ट पाहू.

दुसऱ्या महायुद्धात युरोपातलेच लोक आपल्याकडे निर्वासित म्हणून आले होते. मिरजेहून रेल्वेने कोल्हापूरला जाताना वळिवडे लागतं. तिथल्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. तब्येतीने अशक्त मुलांना सातारा जिल्ह्यात पाचगणीच्या हवेत ठेवलं जाई. पुढे यातले बरेच जण ब्रिटनला गेले. तिथे पोलिश सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी १९४७ साली खास कायदा झाला होता. राहायची सोय, शिक्षण, नोकरी शोधायला मदत, सगळं त्यात होतं. म्हणून ती माणसं रोजीरोटीला लागली.

आजच्या निर्वासितापुढे तीन अडचणी असतात.

पहिली परवानगीची. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज केल्यावर निकाल आला नाही, तर बारा महिन्यांनंतरच कामाची परवानगी मागता येते. तोवर रिकामं बसायची कायद्यानेच सक्ती. याउलट युक्रेनच्या लोकांना युरोपियन युनियनने मार्च २०२२ मध्ये लगेच कामाचा हक्क दिला.

दुसरी भाषेची. जर्मनीत यासाठी साधारण ६०० तासांचा भाषावर्ग असतो.

तिसरी कागदांची. मी बीएड शिक्षक. उद्या घर सोडून पळावं लागलं आणि सर्टिफिकेट मागेच राहिलं, तर परक्या देशात मला शिक्षक कोण मानणार? कागद जवळ असला तरी तिथल्या सरकारने तो मान्य करावा लागतो. तोवर वीस वर्षं शिकवलेला माणूसही हॉटेलात भांडीच घासणार.

वेळ आणि मदत मिळाली की चित्र बदलतं. २०१५ मध्ये जर्मनीत आलेल्या निर्वासितांपैकी सात वर्षांनी सुमारे ६४ टक्के लोक कामाला लागले होते. पण पुरुषांत हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास, तर बायकांत जेमतेम ३१. लहान लेकरं घरी असली की आईचा भाषावर्ग मागे पडतो आणि नोकरीही.

पुढच्या वेळी असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: त्या माणसाला काम करायची परवानगी तरी आहे का?