पडदा पारखावा दुकानात, मोजावा मात्र घरी

दुकानाच्या भिंतीवर ओळीने मांडलेल्या दूरचित्रवाणी संचांत सर्वांत झगझगीत असेल तोच आधी नजरेत भरतो. तेथील प्रखर दिव्यांत चित्र उठून दिसावे म्हणून संच बहुधा भडक रंगांच्या मांडणीवर लावलेले असतात. कापडाचा खरा रंग पाहण्यासाठी ठाण दुकानाबाहेरच्या उजेडात नेण्याची रीत व्यापारी घरांना नवी नाही. गृहचित्रगृहाचा पडदा निवडतानाही हीच दृष्टी कामी येते. घरी बसून चित्रपट पाहण्याची सोय कमी खर्चात करायची असेल, तर पारख संचापासून नव्हे, खोलीपासून सुरू करावी.

पहिले माप अंतराचे. बैठकीपासून भिंतीपर्यंतचे अंतर इंचांत मोजून त्याला १.६ ने भागले की पडद्याचा योग्य आकार साधारणपणे हाती येतो. ८ फुटांवर बसायचे असेल, तर ९६ भागिले १.६, म्हणजे ६० इंच. तेथे ५५ किंवा ६५ इंची संच शोभतो. हा आकार कर्णाचा असतो, हे विसरू नये. ५५ इंची पडदा प्रत्यक्षात सुमारे ४ फूट रुंद असतो, तर ६५ इंची पडद्याचे क्षेत्रफळ त्याहून सुमारे ४० टक्के अधिक भरते. संच लावताना बसलेल्या माणसाची नजर पडद्याच्या मध्याजवळ यावी. फार उंचावर टांगलेल्या संचाने मान अवघडते आणि त्याचा त्रास घरातील वडीलधाऱ्यांना आधी होतो.

दुसरे माप उजेडाचे. त्याच पैशांत १०० इंची चित्र देणारा प्रोजेक्टर अनेकांना मोह घालतो. परंतु प्रोजेक्टर काळा रंग निर्माण करू शकत नाही. जेथे प्रकाश पडत नाही, तेथे भिंत जितकी उजळ दिसेल तितकाच त्याचा काळा रंग. खिडकीतून उजेड येत असेल, तर चित्र फिके पडते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून लगेच एकत्र बसणाऱ्या घरात उन्हाळ्यात त्या वेळी दिवाणखान्यात अजून उजेड असतो. जाड पडदे लावून खोली अंधारी करता येत नसेल, तर तेथे संचच बरा. रात्री उशिरा, अंधाऱ्या स्वतंत्र खोलीत चित्रपट पाहणाऱ्यांना मात्र प्रोजेक्टर मोठा आनंद देतो.

तिसरा विचार बैठकीचा. एकत्र कुटुंबात सारेच समोरच्या सोफ्यावर बसत नाहीत. कोणी दिवाणावर, कोणी बाजूच्या खुर्चीत. एलईडी संचांत व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद असतो, पण बाजूने पाहताना रंग उतरतात. आयपीएस पॅनेलचा काळा रंग थोडा राखाडी असतो, पण बाजूने चित्र बरेच टिकते. ओएलईडीत प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, म्हणून दोन्ही गुण एकत्र मिळतात. मात्र किंमत चढी असते. दुकानात संचासमोरून दोन पावले बाजूला सरून पाहिले, की हा फरक कोणालाही कळतो.

वेष्टनावरील शब्दही ताडून घ्यावेत. स्वस्त प्रोजेक्टरवर ‘फोर के सपोर्ट’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच की तो तसे चित्र स्वीकारतो; दाखवतो मात्र आपल्या मूळ क्षमतेनेच. खऱ्या फोर के संचात ३८४० गुणिले २१६० बिंदू असतात. म्हणून ‘मूळ रिझोल्यूशन किती?’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारावाच. ‘एचडीआर’ या अक्षरांचेही तसेच आहे. पडद्यात पुरेसा प्रकाश नसेल, तर ती अक्षरे वेष्टनावरच शोभतात.

शेवटी हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत ४०,००० रुपये असेल, तर पूर्वी ५१,२०० मोजावे लागत, आता ४७,२००. वाचलेले ४,००० रुपये आणखी मोठ्या आकाराकडे वळवण्याचा मोह होतो. पण पातळ संचांत ध्वनिक्षेपकाला जागाच नसते, त्यामुळे संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात आणि आजी-आजोबा हळूहळू पाहणे सोडून देतात. खोलीच्या मापाचा पडदा घेऊन उरलेली रक्कम साउंडबारसाठी राखली, तर तोच चित्रपट सारे घर एकत्र बसून पाहते. भिंत व्यापणारा पडदा असूनही समोरची बैठक रिकामी राहिली, तर तो सौदा महागच पडला म्हणायचा.