मुक्तांबेचे छत्र आणि विद्यापीठांतील स्त्री-केंद्रे

इ. स. 1801 मध्ये तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस जे पत्र पाठविले, ते वरकरणी पाहता एका मांडलिक राजाने आपल्या काही धर्मादाय संस्थांचा कारभार आपल्याच घराण्याकडे राहावा म्हणून केलेला विनंतिअर्ज आहे. परंतु अडचणीत सापडलेल्या स्त्रीला आधार देणारी संस्था कशी असावी, याचा विचार करणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने एकदा तरी लक्षपूर्वक वाचावा, अशा योग्यतेचा तो दस्तऐवज आहे. 1799 च्या तहाने राज्याचा मुलकी कारभार कंपनी सरकारच्या स्वाधीन झाला होता, किल्ला आणि त्याच्या भोवतालचा थोडासा मुलूख एवढेच महाराजांच्या हाती उरले होते, आणि अशा पडत्या काळी त्यांनी ज्यांच्यासाठी लेखणी उचलली ती होती रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे. या छत्रांमुळेच तंजावरास धर्मराज्य हे नाव लाभले असून आपल्या पदवीचे तेच खरे भूषण आपण मानतो, अशा आशयाचे त्यांनी त्या पत्रात लिहिले आहे.

छत्र म्हणजे यात्रेकरूंना पोटभर भात वाढणारे ठिकाण, एवढाच अर्थ आपल्या मनात असतो. पत्रातील वर्णन मात्र फार पुढे जाते. कोणत्याही जातीच्या वाटसरूला येथे अन्न मिळे. शिजलेले ज्यांना चालत नसे त्यांना शिधा मिळे. आणि मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल त्याने यावे, अशी दवंडी दिली जाई. प्रत्येक छत्रात वेद शिकविणारे अध्यापक असत, मुलांसाठी पंतोजी असे आणि रोग, सूज व सर्पविष यांवर उपचार जाणणारे वैद्य नेमलेले असत. वाटसरूंची अनाथ झालेली मुले पंतोजीच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, चौथ्या दिवशी अंगाला तेल, लागेल तेव्हा औषध आणि वस्त्र मिळे, ज्या विद्येकडे त्यांचा ओढा असेल ती त्यांना शिकविली जाई, आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्राच्याच खाती पडे. तान्ह्या मुलांसाठी दुधाची तजवीज असे. गरोदर स्त्रियांना मायेने वागवावे, छत्रात बाळंतपण झाले तर त्याचा सर्व खर्च आणि औषधपाणी छत्राने करावे आणि बाळंतिणीला प्रसूतीनंतर तीन महिने तेथे राहू द्यावे, अशी वहिवाट होती.

तीन महिने! ही मुदत ज्याने कोणी ठरविली असेल, त्याने बाळंतिणीचा देह आणि तिच्या मनाची अवस्था यांचा विचार केला असला पाहिजे. भुकेल्याला एक वेळचे अन्न घालणे हे पुण्यकर्म होय, आणि ते आपल्या देशात सर्वत्र घडत आले आहे. परंतु परमुलखातील अनोळखी स्त्रीला, तिचे अंग भरून येईपर्यंत आणि मूल मान धरू लागेपर्यंत, हक्काचे छप्पर देणे हे निराळ्या प्रतीचे काम आहे, कारण त्याला कोठी, मुदपाकखाना, वैद्य, सुईण आणि जमाखर्चाची वही ही सगळी अंगे एकाच बंदोबस्ताखाली सतत चालू ठेवावी लागतात.

या संस्थांची नावेही विचार करण्याजोगी आहेत. नीडामंगलमचे छत्र सरफोजींच्या आधीचे एक राजे प्रतापसिंह महाराज यांनी यमुनांबेच्या नावाने उभारले. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवरील ओरत्तनाडचे छत्र सरफोजी महाराजांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ 1802 च्या सुमारास बांधविले, आणि त्यावरून त्या गावाला मुक्तांबापूर म्हणू लागले. मुक्तांबा ही विवाहित राणी नव्हती. ती महाराजांची प्रिया होती, आणि आपल्या नावाने एक छत्र व्हावे ही तिची अखेरची इच्छा होती असे सांगतात. राजवंशाच्या वंशावळीत जिला जागा नव्हती, तिच्या नावाने शेकडो मुले जेवली आणि शिकली, हे मला त्या राजवटीच्या कोणत्याही विजयाहून मोलाचे वाटते. स्त्रीच्या शब्दाला तंजावरच्या भोसल्यांच्या घरात आरंभापासून वजन होते. या घराण्याचे संस्थापक व्यंकोजीराजे यांनी थोरल्या बंधूंशी, म्हणजे शिवाजी महाराजांशी, समेट करावा म्हणून आग्रह धरणाऱ्या व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना शिवाजी महाराजांनी बंगळूरचा प्रांत चोळीबांगडीसाठी दिला, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

तरीही छत्राची मर्यादा सांगितली पाहिजे. सरफोजी महाराजांचे पत्र स्त्रीला ओळखते ते गर्भवती म्हणून, बाळंतीण म्हणून, वाटसरू म्हणून. ज्या छपराखाली तिचे बाळंतपण होत होते, त्याच छपराखाली तिनेही पाटी घेऊन बसावे, हा विचार तेथे नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी हे दोन्ही धागे एकाच घरात आणले: मुलींच्या शाळा काढणाऱ्या याच दांपत्याने 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, जेथे गर्भवती विधवेला निर्धास्तपणे बाळंत होता येत होते. शिकू इच्छिणाऱ्या स्त्रीच्या वाटेत केवळ पुस्तकांचा अभाव आड येत नाही, तिचे घर, तिचा देह आणि लोकांची जीभ हेही आड येतात, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते.

विद्यापीठातील स्त्री-केंद्र ही याच जाणिवेची आधुनिक संस्था होय. महर्षी कर्वे यांनी 1916 मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठात, प्रा. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने 1974 मध्ये स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले, आणि ते या देशातील पहिले होय. त्याच सुमारास केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयीचा अहवाल पुरा केला. 1901 मध्ये दर हजार पुरुषांमागे 972 असलेली स्त्रियांची संख्या 1971 मध्ये 930 वर आली, हा आकडा पाहून विद्वानांची झोप उडाली. स्वातंत्र्याच्या पाव शतकानंतरही जिवंत राहण्याच्या बाबतीतच स्त्री मागे पडत असेल, तर ग्रंथालयात बसून केलेले संशोधन पुरेसे नाही, हे उघड होते. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने अशी केंद्रे देशभर काढण्यास साहाय्य दिले, आणि पुण्याच्या विद्यापीठात 1987 मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे केंद्र आले.

अशा केंद्रात नेमके काय चालते, असा प्रश्न मुलींचे पालकही पुष्कळदा विचारतात. अभ्यासक्रम आणि संशोधन तेथे असतेच. पण ज्या खोलीत समुपदेशिका बसते, त्या खोलीचे दार हे केंद्राचे खरे महाद्वार होय. तेथे येणारी मुलगी एकदम आपले दुःख बोलत नाही. ती शुल्काच्या हप्त्याची किंवा वसतिगृहाच्या अर्जाची चौकशी करीत येते, कागद चाळते, मैत्रिणीचे म्हणून काही विचारते, आणि खुर्चीवरून उठता उठता घरी ठरू घातलेल्या लग्नाची गोष्ट निघते. तिच्यासाठी वैद्य, वकील, शिष्यवृत्तीचा कारकून आणि वेळ पडली तर पोलीस यांच्याकडे जाणाऱ्या वाटा ज्याला ठाऊक आहेत, असे एक माणूस तेथे हजर असणे हेच साहाय्य. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक केली. तिची अध्यक्ष स्त्रीच असावी, निम्म्याहून कमी सभासद स्त्रिया असू नयेत आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावी, असा दंडक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या नियमांनी विद्यार्थिनींनाही हे संरक्षण स्पष्ट शब्दांत दिले. आयोगाच्या 2016 पासूनच्या नियमांनुसार पीएच. डी. करणाऱ्या स्त्रीला संपूर्ण कालावधीत एकदा 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. मात्र ही रजा आहे हेच पुष्कळ संशोधक स्त्रियांना ठाऊक नसते, आणि ते सांगण्याचे काम पुन्हा केंद्राकडेच येते.

तंजावरच्या परिसरात या कामाने एक वेगळे वळण घेतले. तिरुचिरापल्लीच्या मार्गावरील वल्लम येथे नास्तिक समाजसुधारक पेरियार यांच्या अनुयायांनी 1988 मध्ये केवळ स्त्रियांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, त्याला पेरियारांच्या पत्नी मणियम्मै यांचेही नाव दिले, आणि 2007 मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या संस्थेने भोवतालची पासष्ट गावे आपली मानली. बचत गट, पाणी आणि गावात रोजगार देणारी प्रशिक्षणे यांची जोड घालून तिने जे काम केले, त्याचा उल्लेख राष्ट्रपती अब्दुल कलाम आपल्या भाषणांतून करीत असत. छत्र वाटसरूची वाट पाहत उभे होते. येथे विद्यालयच उठून गावात गेले. परमेश्वर न मानणाऱ्यांनी उभारलेली ही संस्था आणि धर्मराज्याचा अभिमान बाळगणाऱ्या राजाचे छत्र यांची तत्त्वे परस्परांहून कितीही दूर असोत, स्त्रीला देण्याजोगा आधार कोणता, याविषयी त्यांची पाने पुष्कळ ठिकाणी जुळतात.

एका बाबतीत मात्र छत्र आजच्या केंद्रांहून सरस होते. छत्राला गावे आणि जमिनी लावून दिलेल्या होत्या; भात पिकला की कोठी भरे, आणि राजा बदलला तरी मोईन चालू राही. स्त्री-अभ्यास केंद्रांचे अनुदान पंचवार्षिक योजनांशी बांधलेले राहिले, आणि बारावी योजना 2017 मध्ये संपली तेव्हा अनेक केंद्रांतील कंत्राटी कार्यकर्त्यांना पुढल्या वर्षीच्या वेतनाची शाश्वती उरली नाही. ज्या समुपदेशिकेवर एखाद्या मुलीने विश्वास टाकला, ती जूनमध्ये तेथे असेलच असे सांगता येऊ नये, ही गोष्ट मला अत्यंत अनुचित वाटते. केंद्राची पदे विद्यापीठाच्या कायम आस्थापनेवरच असली पाहिजेत.

जुन्या तंजावर जिल्ह्यातील आणखी एका स्त्रीचे नाव येथे घेतलेच पाहिजे. 1883 मध्ये जन्मलेल्या मूवलूर रामामिर्तम अम्मैयार यांना बालपणी देवदासीच्या घरी देण्यात आले. त्यातून बाहेर पडून त्यांनी ती प्रथा मोडण्यासाठी आयुष्य वेचले, आणि 1947 मध्ये मद्रास प्रांताने देवदासी-समर्पणास बंदी करणारा कायदा केला तो त्यांच्या हयातीतच. 1989 मध्ये तामिळनाडू सरकारने गरीब मुलींच्या विवाहासाठी साहाय्य देणारी योजना त्यांच्या नावाने सुरू केली. 2022 मध्ये त्याच नावाखाली योजनेचा हेतू पालटला: सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला दरमहा 1000 रुपये मिळू लागले, आणि ते तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होतात. छत्राने अनाथांच्या शिक्षणानंतर लग्नाचा खर्च उचलला होता. आता लग्नाची ती रक्कमच शिक्षणाकडे वळली. ओरत्तनाडलाही आज मुलींचे सरकारी महाविद्यालय आहे. हजार रुपयांत पुस्तके आणि बसभाडे भागते. सायंकाळचे शेवटचे तास संपल्यावर गावाकडे जाणारी बस असावी, वसतिगृहात एक खाट मिळावी आणि परीक्षेच्या आठवड्यात बाळंत झालेल्या मुलीची परीक्षा पुढे घ्यावी, यांसाठीचे अर्ज लिहिणारे व त्यांचा पाठपुरावा करणारे माणूस मात्र महाविद्यालयालाच नेमावे लागते.