फावल्या वेळचा कुंचला

छत्रपति संभाजीनगराहून पैठणच्या रस्त्यास लागलें म्हणजे वाटेंत चितेगांव येतें. शेतें आणि कारखाने येथें शेजारीं शेजारीं नांदतात. अशा गांवांतील किंवा जवळच्या शहरांतील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाचें जुनें कपाट उघडलें, तर तळाशीं बहुधा कागदांची एक गुंडाळी सांपडते. शाळेंत काढलेलीं वस्तुचित्रें, एखादें अर्धवट निसर्गदृश्य आणि सरकारी रेखाकला परीक्षेचें प्रमाणपत्र. एलिमेंटरी झाली, इंटरमीजिएट झाली, आणि कुंचला जो खालीं ठेवला गेला तो कायमचाच. पुढें नोकरी आली, संसार आला. चित्रें काढावींत तीं मुलांनीं, नाहीं तर नामांकित चित्रकारांनीं, अशी समजूत होऊन बसते; आणि ह्या दोहोंच्या मधला जो मोठा समाज, तो आपल्या हक्काचा एक आनंद आपण होऊन सोडून देतो. हा आनंद उतारवयांतही परत मिळवितां येतो, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

मुळांत हा छंद सुटतो कां? लहान मूल चित्र काढतें तेव्हां तें जमलें कीं नाहीं, असा विचारच करीत नाहीं. सूर्याला डोळे काढतें, माणसाला घराहून उंच करतें आणि समाधानानें उठतें. नऊदहा वर्षांच्या पुढें मात्र त्याची दृष्टि चिकित्सक होते. समोरचा तांब्या गोल आणि कागदावरचा चेपलेला, हें त्याला कळूं लागतें. परंतु ती चूक सुधारण्याइतका हात तयार झालेला नसतो. डोळा पुढें जातो, हात मागें राहतो. नेमकें त्याच वेळीं कोणी हंसलें, म्हणजे मूल ठरवितें कीं, आपल्या अंगीं ही कला नाहीं. वास्तविक चूक ओळखूं येणें ही शिकण्याची पहिली पायरी होय. पण बहुतेकांचें शिक्षण तेथेंच थांबतें.

मोठेपणीं पुन्हा आरंभ करावयाचा म्हटलें कीं हीच भीति आड येते. १९१५ सालीं ब्रिटनच्या आरमारखात्याचें मंत्रिपद हातचें गेल्यावर विन्स्टन चर्चिल ह्यांनीं वयाच्या चाळिशींत प्रथमच रंग हातीं घेतले. आकाशाच्या जागीं निळ्या रंगाचा एक बारीकसा ठिपका भीत भीत लावून ते थबकले. इतक्यांत चित्रकार जॉन लॅव्हरी ह्यांच्या पत्नी तेथें आल्या. त्यांनीं मोठा कुंचला मागून घेतला आणि त्या कोऱ्या फलकावर निळ्या रंगाचे जोरदार फटकारे ओढले. चर्चिल ह्यांची भीति तेथेंच मोडली, आणि हा छंद त्यांस वार्धक्यापर्यंत पुरला.

महाराष्ट्रांत औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) ह्यांचें उदाहरण ठळक आहे. राज्यकारभार, कीर्तनें आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार हे सर्व व्याप संभाळून ते स्वतः चित्रें काढीत. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठींही त्यांनीं चित्रें काढलीं, आणि अजिंठ्यावरील त्यांचें पुस्तक १९३२ सालीं निघालें. ज्याला चांगले चित्रकार आश्रयास ठेवतां येत होते, अशा राजानें स्वतः कुंचला कां धरावा? चित्र विकत घेतां येतें. तें काढतांना होणारा आनंद विकत मिळत नाहीं, हेंच त्याचें उत्तर. वयाची सबब सांगणारांस रवींद्रनाथ ठाकुरांचें स्मरण पुरें आहे. हस्तलिखितांतील खोडलेल्या ओळींना आकार देतां देतां ते साठीच्या सुमारास चित्रांकडे वळले. १९३० सालीं पॅरिसमध्यें त्यांचें प्रदर्शन भरलें, तेव्हां ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

साधनांचाही बाऊ करण्याचें कारण नाहीं. ह्याच जिल्ह्यांतील अजिंठ्याच्या चित्रकारांनीं माती, तूस व वनस्पतींचे तंतू कालवून भिंतीस गिलावा दिला, त्यावर पांढरा पातळ लेप चढविला, आणि तांबडी व पिवळी माती, हिरवी माती, काजळी व पांढरा एवढ्या रंगांवर बहुतेक काम भागविलें. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा; तो बाहेरून आणावा लागे. मग घरगुती चित्रकारास तांबडा, पिवळा, निळा आणि तपकिरी असे चार रंग, दोन कुंचले आणि जाड कागद एवढ्यावर आरंभ करावयास कोणती अडचण?

जलरंगाची रीत थोडक्यांत अशी. त्यांत पांढरा रंग लावावयाचा नसतो. कागदाचा पांढरेपणाच राखून ठेवावयाचा असतो. म्हणून प्रथम फिकट हात द्यावा, तो वाळूं द्यावा आणि मग गडद छटा चढवाव्या. ओल्यावर ओला रंग पसरतो. तो गुण आकाशास उपयोगी, भांड्याच्या कडेस घातक. रंग वाळल्यावर थोडा फिकट होतो, हेंही धरून चालावें. पहिलें चित्र घरांतील तांब्याचें किंवा अंगणांतील लिंबाच्या झाडाचें असावें, आणि तें कोणास दाखविण्याची घाई करूं नये.

श्रोत्यांनीं एक प्रयोग अवश्य करून पाहावा. उन्हांत उभ्या असलेल्या पांढऱ्या भिंतीवर झाडाची सावली पडते. ती काळी आहे असें आपण गृहीत धरतों. रंगविण्यासाठीं नीट पाहिली म्हणजे ती निळसर आढळते. कारण तेथें सूर्याचा प्रकाश अडला तरी निळ्या आकाशाचा प्रकाश पडतच असतो. चितेगांवच्या शिवारांतील काळी जमीनही अशीच; सकाळीं तिचा रंग एक, दुपारीं दुसरा. त्या रस्त्यानें वीस वर्षें नोकरीवर जाणाऱ्या माणसानें ती रोज ओलांडलेली असते, पण पाहिलेली नसते.

ह्या छंदाचा खरा लाभ तो हाच. काढलेलें चित्र कदाचित् सामान्य ठरेल आणि पुन्हा त्याच कपाटांत जाऊन पडेल. परंतु अर्धा तास एका झाडाकडे लक्षपूर्वक पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीं तें झाड ओळखीचें वाटतें. डोळा आणि हात ह्यांची शाळेंत झालेली ताटातूट अशा रीतीनें हळूहळू मिटते. येत्या रविवारीं ती जुनी गुंडाळी कपाटांतून बाहेर काढावी, तिच्यावरची धूळ झटकावी, आणि एखादा कागद कोरा असेल तर त्यावरच आरंभ करावा.